कडक भाकरी : ज्वारीचा टिकाऊ पदार्थ

मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची कडक भाकरी करून विकल्यास धान्याच्या किमतीबरोबर मजुरीचे मोलही घरातच राहते.

ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ताजे पीठ घेऊन ते उकळत्या पाण्याने मळावे. चवीस मीठ, जिरे, तीळ घालावेत. लसूण घालावयाचा असल्यास तो वाळवून कुटलेला असावा. भाकरी पातळ थापून दोन्ही बाजूंनी भाजावी. नंतर मंद आचेवर, कापडाच्या बोळ्याने दाबत, मोडताच आवाज होईल इतकी कडक करावी. मध्यभागी ओल राहिल्यास बुरशी येऊन सर्व माल वाया जातो. गरम भाकरी डब्यात भरल्यास वाफेचे पाणी होते. सबब ती पूर्ण निवल्यावरच हवाबंद डब्यात ठेवावी. कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक महिला बचत गटांस अवश्य दाखवावे.