अटॅकनंतरच्या गोळ्या मध्येच का सोडू नयेत?

मैत्रिणींनो, हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो, हिंडूफिरू लागतो, आणि दोन-तीन महिन्यांत म्हणतो, "आता बरं वाटतंय, कशाला रोजच्या गोळ्या?" आणि आपणही पैसे वाचले म्हणून गप्प बसतो.

अटॅकमध्ये रक्त न मिळाल्यानं हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. हाताची जखम भरते तसा तो पुन्हा भरून येत नाही, तिथे नुसता व्रण राहतो. हृदय मग रक्त कमी ढकलतं. शरीराला वाटतं, अंगात रक्तच कमी झालं! ते रक्तवाहिन्या आवळतं, मीठ-पाणी धरून ठेवतं. म्हणजे विहिरीवरची मोटर आधीच कमजोर, त्यात पाइप चिमटलेला. हृदय ताणून ताणून मोठं होत जातं. बरं वाटत असतं तेव्हाही आत हे चालूच असतं.

ही साखळी तोडणारं एक औषध सापामुळे सापडलं. ब्राझीलमधला जराराका साप चावला की रक्तदाब एकदम पडतो. त्याच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल तयार झालं. (गोळीत विष नसतं, घाबरू नका.) १९९२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अटॅकनंतर हृदय कमजोर झालेले २,२३१ रुग्ण होते. सुमारे साडेतीन वर्षांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत शंभरामागे २५ जण दगावले, कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत २०. रामिप्रिल, एनालाप्रिल याच जातीच्या गोळ्या. त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात. दिवस राहिले असतील किंवा राहणार असतील तर तेही आधी सांगा, कारण या गोळ्या बाळाला घातक आहेत.

"एका इंजेक्शनात हृदय नवं करतो" असं कुणी सांगितलं, तर गटातून कर्ज उचलू नका. हृदयात जनुक सोडण्याचा प्रयोग २५० रुग्णांवर झाला, पण उपयोग दिसला नाही. मूळ पेशींच्या प्रयोगांतूनही खात्रीचा इलाज अजून हाती आलेला नाही. खर्च परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून तीच औषधं स्वस्तात घ्या.

घरात वजनकाटा असेल तर पेशंटचं वजन रोज सकाळी बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर बाजाराच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.