एकट्याने रानात मासे धरताना

मृगाचा दमदार पाऊस झाला, नाले वाहू लागले, की आपल्या धानोरा तालुक्यात माणसांचे पाय आपोआप पाण्याकडे वळतात. चढणीचे मासे वर्षातून चार-आठ दिवसच मिळतात. कुणी कठाणीच्या काठी गळ टाकून बसतो, कुणी बोडीच्या सांडव्यावर जाळे लावतो, कुणी रात्री बॅटरी घेऊन धानाच्या बांध्यांत उतरतो. उन्हाळ्यात पाणी आटून डोह उरले की पुन्हा तीच लगबग. घरच्या कालवणाची सोय होते, उरले तर बाजारात चार पैसे मिळतात. तेव्हा रानात मासे धरायला जाऊच नका, असे सांगण्यात अर्थ नाही. कसे जावे आणि काही झालेच तर काय करावे, एवढेच आज पाहू.

मासेमारीच्या कामात तीन गोष्टी लागतात. गप्प राहावे लागते, वाकून किंवा उकिडवे बसावे लागते आणि नजर पाण्यावर ठेवावी लागते. त्यात आपली मोक्याची जागा दुसऱ्याला दाखवायला कुणी तयार नसतो, म्हणून माणूस एकटा जातो. मासा मिळायला हे सारे सोयीचे आहे, पण जंगलात नेमके हेच धोक्याचे आहे. गप्प बसलेल्या माणसाची चाहूल जनावराला लागत नाही आणि ते अगदी जवळ येऊन ठेपते. वाकलेला माणूस लांबून चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. आणि पाण्याकडे तोंड म्हणजे रानाकडे पाठ.

वाघ-बिबट्या

वाघ आणि बिबट्या बहुधा मागून किंवा बाजूने येतात आणि मान धरतात. सुंदरबनात मासे व मध गोळा करणाऱ्यांना १९८६ च्या सुमारास डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधायला दिला होता, तो याच कारणासाठी. आपल्या भागात हा विषय किती गंभीर आहे हे वेगळे सांगायला नको. वडसा, ब्रह्मपुरी व भंडारा या भागांत मिळून १३ जणांचा बळी घेणारा 'सीटी-१' वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा परिसरात जेरबंद झाला. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात दगावल्या. म्हणजे नुसते सोबत जाणे पुरत नाही. खाली वाकून काम करणाऱ्यांवर उभ्या माणसाने नजर ठेवली पाहिजे.

म्हणून पहिला नियम असा की दोघांनी जावे. एकाने गळ सांभाळावा, दुसऱ्याने उभे राहून रानाकडे पाहावे. थोड्या वेळाने पाळी बदलावी. एकट्याला जावेच लागले तर झुडपाला खेटून बसू नये. पाठीशी मोठा खडक किंवा उंच दरड असेल आणि दोन्ही बाजूंना मोकळी वाळू असेल अशी जागा निवडावी. दर पाच-दहा मिनिटांनी उभे राहावे, खाकरावे, चहूकडे पाहावे. पहाटेची आणि सांजेची वेळ टाळावी, कारण जनावरे त्याच वेळी पाण्यावर येतात. ओल्या वाळूत ताजे ठसे दिसले, वानरांनी किंवा चितळांनी ओरडून इशारा दिला, तर त्या दिवशीचा मासा सोडून द्यावा.

जनावर समोर आलेच तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभाव आहे. खाली बसू नका, पाठ फिरवू नका. हात वर करून, टॉवेल किंवा टोपली उंच धरून मोठे दिसा, जोराने ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. त्याने झडप घातलीच तर मान वाचवा आणि हाती असेल त्या काठीने, दगडाने पूर्ण ताकदीने प्रतिकार करा. अशा वेळी निपचित पडणे उपयोगाचे नाही.

अस्वल, हत्ती, रानडुक्कर

अस्वलाची गोष्ट वेगळी. मोहाच्या फुलांत किंवा वारुळात तोंड घालून बसले की त्याला भोवतालचे भान राहत नाही. माणूस अचानक पुढ्यात आला की ते घाबरून अंगावर येते आणि चेहरा व डोके फाडते. शिंदीच्या बनातून किंवा झुडपी वाटेने जाताना म्हणूनच मोठ्याने बोलत, काठी आपटत जावे. अस्वलाने खाली पाडलेच तर पालथे पडून तोंड जमिनीकडे करावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि ते दूर जाईपर्यंत हलू नये. पुष्कळदा ते तेवढ्यावर निघून जाते. डोळे वाचले तर पुढचे आयुष्य वाचते, हे लक्षात ठेवावे.

२०२१ मध्ये छत्तीसगडमधून आपल्या जिल्ह्यात रानटी हत्तींचा कळप आला. हत्ती आहेत असे कळले तर त्या बाजूला जाऊच नये. दिसले तर जवळ जाऊन पाहणे, फटाके लावणे, बॅटरीचा झोत डोळ्यांवर टाकणे हे जिवाशी खेळणे आहे. गुपचूप मागे फिरावे. रानडुक्कर अंगावर आले तर झाडावर किंवा उंच खडकावर चढावे.

एक धोका माणसानेच निर्माण केलेला आहे. डुकरांसाठी शेताभोवती आणि माशांसाठी पाण्यात विजेच्या तारा सोडतात. तार दिसली की त्या पाण्यात पाय घालू नका. कुणी चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करा.

वेळेचे महत्त्व

तीस वर्षांच्या दवाखान्यात मी पाहिले आहे ते असे. जनावराच्या किंवा सापाच्या तावडीतून सुटलेला माणूस पुढे जगणार की नाही, हे बरेचदा जखम केवढी यापेक्षा तो किती वेळाने पोहोचला यावर ठरते. एकट्या गेलेल्याचा उशीर तीन ठिकाणी होतो. तो कुठे आहे हे घरी माहीत नसते, त्याची हाक कुणाला ऐकू जात नाही, आणि गावात आणल्यावर झाडफुकीत आणखी दोन-तीन तास जातात.

पहिल्या दोन गोष्टींचा उपाय फुकटात होतो. निघताना घरी सांगा : कोणत्या नाल्यावर, कोणत्या वाटेने, परत केव्हा. ठरल्या वेळेच्या तासाभरात आला नाही तर चार माणसांनी मिळून शोधायला निघावे. गळ्यात शिटी बांधा. मोबाईलला रानात रेंज नसते, पण शिटी ओरडण्यापेक्षा लांब जाते आणि जखमी माणसालाही वाजवता येते. १०८ ही रुग्णवाहिका आणि १९२६ ही वनविभागाची मदतवाहिनी, हे दोन क्रमांक घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जखम झाली तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. किमान दहा मिनिटे उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या चार बोटे वर रुंद पट्टी आवळा आणि बांधल्याची वेळ लक्षात ठेवा. रक्त थांबल्यावर, दवाखाना दूर असेल तर, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट, माती, हळद काही लावू नका. सुळ्यांची जखम वरून लहान दिसते, आत खोल असते आणि एका दिवसात पू धरते. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रेबीजची लस जंगली जनावराच्या चाव्यालाही लागते, हे अनेकांना माहीत नसते.

साप चावला तर वरची आवळपट्टी मुळीच बांधू नका. येथेच लोकांचा गोंधळ होतो. पट्टी वाहत्या रक्तासाठी आहे, विषासाठी नाही. सापाच्या चाव्यावर करकचून बांधल्याने हातपाय सडतो. कापू नका, चोखू नका. अंगठी, कडे, करगोटा काढा. चावलेला हात किंवा पाय काठी लावून हलणार नाही असा ठेवा. माणसाला चालवू नका, खाटेवर किंवा गाडीवर न्या. मण्यारचा चावा दुखत नाही की सुजत नाही. रात्री चावते, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. घोणसाच्या विषाने रक्त गोठत नाही. आम्ही काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतो. ते गोठले नाही तर विष भिनले असे समजतो. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर लस एकच आहे. धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात उपचार सुरू करून गरज पडल्यास सुमारे ३५ किलोमीटरवरील गडचिरोलीला नेता येते.

लहानसहान इजाही असतात. शिंगी किंवा मांगूर माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवा, कळ उतरते. गळ बोटात रुतला तर उलटा ओढू नका. त्याचा उलटा दात मांस फाडतो. दोरी कापून तसेच दवाखान्यात या.

एकट्याने कुणी जाऊच नये?

ज्याला फिट येतात त्याने पाण्याकाठी एकटे बसू नये, वीतभर पाण्यातही माणूस बुडतो. मोहाची घेऊन डोहात उतरू नये. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. थंड पाण्यात तासन् तास भिजणे, उपाशी राहणे व पाणी कमी पिणे यांनी त्यांच्या हाडांतली कळ उठते आणि घरी परतणे अशक्य होते. त्यांनी पावसात भिजत मासे धरू नयेत. रात्र काठावर काढली असेल तर पुढच्या पंधरवड्यात येणारा ताप मलेरियाचा समजून त्याच दिवशी रक्त तपासावे.

जनावराने हल्ला केला तर वनरक्षकाला ताबडतोब कळवा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. २०२३ मध्ये मृताच्या वारसांना मिळणारी मदत २५ लाख रुपये झाली, जखमींनाही मदत मिळते. पण कोणत्याही रकमेपेक्षा माणूस घरी परत येणे मोलाचे. या पावसाळ्यात जाळ्याची दोरी तपासाल तेव्हा घरात एवढे विचारून ठेवा : मी दिवेलागणीपर्यंत आलो नाही, तर मला कुठे शोधायचे हे तुम्हाला माहीत आहे का?