महाविद्यालयाची नभोवाणी आणि पनवेलचा परिसर

श्रोत्याने केवळ ऐकावयाचे नाही, तर नभोवाणीनेही त्याचे ऐकावयाचे, या विचाराची एक मोठी कसोटी महाराष्ट्रातच झाली. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतामंडळे स्थापन झाली. आकाशवाणीवरून दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम होत. गावकरी ते एकत्र ऐकत, चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत.

विद्यार्थ्यांनी चालविलेली महाविद्यालयीन नभोवाणी ही याच विचाराची पुढची पायरी होय. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९३६ साली वसतिगृहांमध्ये तारा ओढून आपले केंद्र सुरू केले. भारतात शिक्षणसंस्थांना परवाने देण्याचे धोरण २००२ च्या अखेरीस ठरले. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि पुढे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ही ऐकू येऊ लागली.

अशा केंद्राची मर्यादा प्रथम समजून घ्यावी. प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत. साधारणतः दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे आवाज पोहोचत नाही. शिवाय एफ. एम. लहरी सरळ रेषेत जातात. पनवेलहून निघालेली लहर खारघर-कळंबोलीच्या वस्तीत सहज शिरेल; परंतु माथेरान-प्रबळगडाच्या डोंगराआड ती क्षीण होईल.

ही मर्यादाच या माध्यमाचे बळ आहे. २०१६ साली महानगरपालिका झालेले पनवेल शहर आणि भोवतालची ग्रामपंचायतींची गावे एकाच टापूत नांदतात. याच गावांतील मुले शहरातील महाविद्यालयांत शिकतात. आगरी बोलीतील आजीची आठवण, भातशेतीतील अडचण किंवा पाणी न येण्याचा दिवस मोठ्या केंद्राला कदाचित क्षुल्लक वाटेल. येथे तोच मुख्य कार्यक्रम ठरतो.

नियमांनुसार निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावे लागतात. स्वतंत्र वार्तापत्र देता येत नाही. आकाशवाणीच्या बातम्या मात्र आहेत तशाच सहक्षेपित करता येतात. पाणी व वीजपुरवठा, हवामान, वाहतूक, परीक्षा, आरोग्य आणि नैसर्गिक आपत्तीविषयीची माहिती देण्यास मुभा आहे. परवाना संस्थेच्या नावे असतो, म्हणून उत्तरदायित्वही संस्थेचेच. तरीही विषय निवडणे, ध्वनिमुद्रण आणि निवेदन ही कामे विद्यार्थ्यांच्या हाती राहिली पाहिजेत. प्राचार्यांची भाषणे आणि चित्रपटगीते एवढ्यावरच वेळ भागविला, तर गावाला ते केंद्र आपले वाटणार नाही.

याचे मोल संकटात कळते. पावसाळ्यात गाढी नदी फुगली, की अफवाही पाण्याबरोबर चढतात. अशा वेळी तहसील कार्यालयाने दिलेली सूचना शब्दशः, वेळेसह आणि ओळखीच्या आवाजात सांगणारे केंद्र हवे. तो विश्वास मात्र कोरड्या दिवसांतच कमवावा लागतो.

यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने माहिती देणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी; अध्यापकांनी माहिती पडताळून पाहण्याची शिस्त लावावी. परवान्यापूर्वीही आवारातील ध्वनिक्षेपकावरून रोज पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करता येईल. ब्राऊनच्या विद्यार्थ्यांची सुरुवातही तारांनीच झाली होती.