आकडा कुठे ठोकलाय ते आधी बघ

भाचेराव, हा जुन्या रिव्हॉल्व्हरांचा नाद तुला माझ्यामुळेच लागला. तेव्हा ताईचा फोन यायच्या आत चार गोष्टी सांगून मोकळा होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये चाळीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी टूलरूममध्ये. स्मिथ अँड वेसनचं स्प्रिंगफील्ड घरापासून अर्ध्या तासावर. मी जे शिकलो ते थोडं पुस्तकांतून आणि बरंचसं पैसे घालवून.

हातात घेतल्याबरोबर सिलिंडर बाहेर काढायचा आणि सगळी घरं रिकामी आहेत ना ते बघायचं. विकणारा "रिकामंच आहे" म्हणाला तरी बघायचं. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता आकडे. आपल्या आजीचा पितळी डबा आठवतो? त्यावर नाव घातलंय आणि खाली तारीख. ती डब्याच्या जन्माची नव्हे, आजीच्या लग्नाची. डबा कदाचित दहा वर्षं आधीचा असेल. रिव्हॉल्व्हरच्या नळीवरच्या तारखांचं तसंच आहे. जुन्या स्मिथ अँड वेसनच्या नळीवर ६ फेब्रुवारी १९०६, १४ सप्टेंबर १९०९, २९ डिसेंबर १९१४ अशा तारखा ओळीने असतात. त्या पेटंटच्या. एका प्रदर्शनात एकाने मला "हे १९१४ सालचं आहे, बघा, लिहिलंयच" म्हणून दाखवलं होतं. वस्तू १९३० च्या आसपासची होती. तो खोटं बोलत नव्हता बरं का, त्यालाच कुणीतरी तसं सांगून विकलं होतं.

म्हणून आकडा काय आहे हे विचारण्याआधी तो कुठे ठोकलाय ते बघ. मुठीच्या बुडाशी असतो तो खरा अनुक्रमांक. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आणि युद्धकाळातल्या नगावर तोच आकडा सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावरही सापडतो. तिन्ही जुळले तर नळी आणि सिलिंडर मूळचे, असं धरायला हरकत नाही. सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेमच्या ज्या खाचेत त्याचा हात बसतो, तिथेही आकडे असतात, आणि नवखा माणूस हमखास तिथेच फसतो. त्यातले काही फक्त कारखान्याच्या सोयीचे. या फ्रेमला हा हात, ही बाजूची पट्टी, पॉलिशला गेल्यावर अदलाबदल होऊ नये म्हणून ठोकलेले. ते अनुक्रमांक समजून पुस्तकात शोधत बसलास तर साल भलतंच निघेल.

मॉडेल नंबरही त्याच खाचेत, पण १९५७ पासून पुढेच. त्याआधी नावं होती. मिलिटरी अँड पोलीस हे मॉडेल १० झालं, चीफ्स स्पेशल मॉडेल ३६. त्यामुळे १९५० सालच्या रिव्हॉल्व्हरला कुणी "मॉडेल १०" म्हणाला तर बोलण्यात चालतं, पण तुझ्या वहीत तसं लिहू नकोस. एकोणिसाव्या शतकातले नंबर तर वेगळंच प्रकरण. तिथे नंबर आकारावरून. म्हणून नंबर दोन १८६१ चा आणि नंबर दीड त्याच्यानंतर, १८६५ चा. दीड दोनच्या मागून कसा आला, म्हणून मी एकदा अख्खी संध्याकाळ डोकं खाजवत बसलो होतो.

मॉडेलच्या पुढे आडवी रेघ आणि आकडा असतो, १०-२, १०-५ असा. कारखान्याने काही बदल केला की हा आकडा पुढे सरकतो. १०-५ मध्ये पुढची माशी एक दशांशावरून एक अष्टमांश इंच रुंद झाली. १०-२ मध्ये काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे आटे उलटे झाले. हे नुसतं पाठांतर नाही. मी ते न वाचता नेहमीच्या दिशेने पाना फिरवला. दांडा सुटेना, म्हणून आणखी जोर लावला. टूलरूममध्ये आयुष्य घालवलेला माणूस, आणि उलटे आटे ओळखता आले नाहीत! दांड्यावरचे दात भुईसपाट झाले. आणि रेघेनंतरचा आकडा प्रत्येक मॉडेलचा आपला-आपला. ३६-१ म्हणजे तीन इंची जाड नळी. तिथे आट्यांचा काही संबंध नाही.

युद्धकाळातल्या नगांकडे मात्र सावकाश बघ, तिथे वाचायला फार असतं. अनुक्रमांकाआधी व्ही असेल तर तो व्हिक्टरी. मुठीला दोरीची कडी, साध्या अक्रोडाच्या फळ्या, चकाकी नाही. व्हीसोबत एस दिसला तर तो शेवटचा काळ. घोडा आपटून गोळी सुटू नये म्हणून बसवलेल्या नव्या अडसराची ती खूण. जहाजावर रिव्हॉल्व्हर खाली पडून एक खलाशी दगावला, त्यानंतर १९४४ च्या अखेरीस तो अडसर बदलला. हजारो व्हिक्टरी ब्रिटनला गेले, आणि युद्धानंतर बाजारात विकले जाताना तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांची चाचणी झाली. म्हणून त्यांच्या अंगावर मुकुट, बीएनपी म्हणजे बर्मिंगहॅमची चाचणी, आणि ".३८ .७६७ ३½ टन" असे ठसे असतात. माझ्या पहिल्या व्हिक्टरीवरचा ७६७ हा मी महिनाभर पलटणीचा नंबर समजत होतो. ती काडतुसाच्या टोपणाची इंचातली लांबी निघाली, आणि साडेतीन टन हा दाबाचा आकडा.

त्यातले पुष्कळ नग इकडे परत आले आणि कुणीतरी त्यांची घरं खोल करून .३८ स्पेशलची केली. स्पेशलचं टोपण लांब पण बारीक, म्हणून मूळच्या ऐसपैस घरात ते फुगतं, कधी चिरतं. अंगावर .७६७ चा ठसा आणि घरात १.१५५ इंची टोपण बसतंय असं दिसलं तर तो नग फडताळात ठेवायचा, वाजवायचा नाही.

बुडाच्या नंबराशेजारी चांदणी दिसली तर नग दुरुस्तीला कारखान्यात परत गेला होता. तेव्हा चकाकी नवी असली तरी लबाडी म्हणू नकोस. पण नंबर घासलेला, खोडलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर वस्तू खाली ठेव आणि चालू लाग. घासाघीसही करू नकोस. नंबर खोडणं हा इथे गुन्हा आहे, आणि आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यातही तो गुन्हाच आहे.

साल शोधायला सुपिका आणि नाहास यांचा स्मिथ अँड वेसनवरचा कॅटलॉग घे. कारखान्याच्या इतिहास विभागाकडून फी भरून पत्र मिळतं, पण ते सगळ्यात शेवटी माग. त्यात माल कधी आणि कुणाकडे रवाना झाला ते असतं, बनला कधी ते नव्हे. आधी बनलेला नग मागून गेला, असं कितीदा तरी झालंय.

अंधुक ठसा वाचायला घासकाम करू नकोस. बॅटरी आडवी धर, सावलीत आकडा उठून दिसतो. तेवढ्याने नाही भागलं तर खडूची पूड बोटाने भर आणि वरची पुसून टाक. आज रात्री तुझ्याकडच्या नगाच्या मुठीच्या फळ्या काढ. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच पेचकस घे. दोन-तीन फेरे सैल कर आणि स्क्रूच्या डोक्यावर हलकेच दाब, म्हणजे पलीकडची फळी आपणहून सुटेल. फटीत काही घालून उचकटू नकोस. उजव्या फळीच्या आतल्या अंगाला नंबर असेल, ठोकलेला किंवा नुसता पेन्सिलीचा. बोट न लावता फोटो काढ आणि बुडाच्या नंबराच्या फोटोसोबत मला पाठव. मी जागाच असेन.