जर इंजिन मिळाले असते, तर…

(भारतात तयार झालेल्या ‘मारुत’ या जेट विमानाची हकिकत आणि त्याची कागदी प्रतिकृती बनवण्याची रीत या पाठात दिली आहे. जे घडले आणि जे घडू शकले असते, ते एकाच प्रतिकृतीत कसे दाखवावे, हेही पाठात सांगितले आहे.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. या बैलाच्या पायांखाली चाके असतात. त्याचे डोके कधी फार मोठे, तर कधी फार लहान असते. तरी कोणी तक्रार करत नाही, कारण ते खेळणे आहे.

प्रतिकृतीचे तसे नसते. प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूचे लहान रूप. तिचे प्रत्येक माप सारख्याच प्रमाणात लहान केलेले असते. १ : ५० असे प्रमाण घेतले, तर मूळ वस्तूचे ५० सेंटिमीटर प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होतात. मग पंख असो, शेपटी असो की चाक असो, हाच नियम सर्वांना लागू होतो.

मुलांनो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आज आपण एका विमानाची प्रतिकृती बनवू या. विमानाला उर्दूत ‘तय्यारा’ म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहेच. आपल्या विमानाचे नाव आहे ‘मारुत’. मारुत म्हणजे वारा.

मारुतची हकिकत

देश स्वतंत्र झाल्यावर लढाऊ जेट विमान आपल्याच देशात तयार करावे, असे ठरले. त्यासाठी कुर्ट टँक हे प्रसिद्ध जर्मन विमानतज्ज्ञ १९५६ साली बंगळूरला आले. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्यात त्यांनी भारतीय अभियंत्यांबरोबर काम सुरू केले. अभियंत्यांपुढे एक प्रश्न होता. कागदावर काढलेले विमान हवेत नीट उडेल का? तो सोडवण्यासाठी त्यांनी १९५९ साली विमानाएवढेच मोठे लाकडी ग्लायडर बनवले. त्याला इंजिन नव्हते. दुसरे विमान त्याला दोराने ओढत वर नेई आणि मग सोडून देई. म्हणजे मारुतची पहिली प्रतिकृती खुद्द अभियंत्यांनीच केली होती. तिचे प्रमाण होते १ : १.

१७ जून १९६१ रोजी खरे मारुत पहिल्यांदा उडाले. ते चालवणारे वैमानिक होते सुरंजन दास. विमान देखणे होते आणि हवेत सहज वळत होते. त्याचा आकार आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेला होता. पण त्याला हवे तेवढे जोरदार इंजिन मिळाले नाही. एका इंजिनाचा जोर सुमारे ३७०० किलोग्रॅम असावा, असे ठरले होते. त्या इंग्रजी इंजिनाचे काम पुरे करण्यासाठी पैशाची सोय झाली नाही. शेवटी प्रत्येकी सुमारे २२०० किलोग्रॅम जोराची दोन ‘ऑर्फियस’ इंजिने विमानात बसवावी लागली. त्यामुळे सरळ उडताना मारुत कसेबसे आवाजाच्या वेगापर्यंत पोहोचे.

दुसरे इंजिन मिळवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. इजिप्त देशात नवे इंजिन तयार होत होते. एक मारुत तिकडे नेऊन त्यात ते बसवून पाहिले. परंतु १९६९ साली इजिप्तने आपला विमानप्रकल्पच बंद केला. इकडे बंगळूरलाही प्रयोग चालू होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळले, की विमानाचा जोर वाढतो. अशी सोय केलेल्या मारुतची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० रोजी अपघात झाला आणि सुरंजन दास मृत्यू पावले. बंगळूरमधील एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे.

एकूण १४७ मारुत विमाने तयार झाली. १९७१ च्या युद्धात त्यांनी राजस्थानच्या आघाडीवर काम केले. १९९० पर्यंत ती सर्व सेवेतून निवृत्त झाली.

‘जर’ एकच असावा

आता आपण एक कल्पना करू. जर मारुतला हवे ते इंजिन वेळेवर मिळाले असते, तर काय झाले असते?

जे घडले नाही त्याचा असा विचार करून प्रतिकृती बनवणारे छांदिष्ट जगात पुष्कळ आहेत. ते विमानाला कल्पित रंग देतात, कल्पित क्रमांक देतात. पण चांगला कारागीर एक पथ्य पाळतो. तो ‘जर’ एकच घेतो आणि पुढचे सगळे ‘तर’ त्या एकातूनच काढतो.

आपला ‘जर’ आहे इंजिन. इंजिन बदलले असते, तर शेपटीकडची दोन नळकांडी अधिक रुंद झाली असती. जोर वाढला असता, तर इंधन जास्त लागले असते. इंधन जास्त लागले असते, तर पंखांखाली मोठ्या टाक्या आल्या असत्या. वेग मिळाला असता, तर विमान १९९० नंतरही काही वर्षे उडाले असते. अलीकडच्या बऱ्याच लढाऊ विमानांना फिकट राखाडी रंग असतो. तोच रंग मग मारुतलाही मिळाला असता.

पंख मात्र बदलू नयेत. पंखांत काही उणे नव्हते. तसेच विमानावर न झालेल्या युद्धांचे विजय रंगवू नयेत. ते आपल्या ‘जर’मधून निघत नाहीत.

प्रतिकृतीची कृती

साहित्य : जाड कार्डशीट, जुन्या वहीचे पुठ्ठे, डिंक, कात्री, पट्टी, शर्टाची तीन बटणे, स्केचपेनची दोन टोपणे, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील फुगीर प्लॅस्टिक, थोडी माती, रंग.

खरे मारुत १५.८७ मीटर लांब होते. म्हणजे आपल्या गावाजवळच्या नागपूर–हैदराबाद महामार्गावर एकामागे एक उभ्या असलेल्या दोन मालट्रकांएवढे. दोन्ही पंखांच्या टोकांमधील अंतर ९ मीटर आणि उंची ३.६० मीटर होती. १ : ५० प्रमाणाने आपली मापे अशी येतात : लांबी ३१.७ सेंटिमीटर, पंखांचे अंतर १८ सेंटिमीटर, उंची ७.२ सेंटिमीटर.

१. पुठ्ठ्याच्या लहानमोठ्या चकत्या कापा. त्यांवर कार्डशीट गुंडाळून विमानाचे अंग तयार करा. नाक निमुळते ठेवा.

२. नाकाच्या आत मातीचा लहान गोळा चिकटवा. हे विसरल्यास विमान शेपटीवर बसेल.

३. पंख मागे झुकलेले कापा आणि अंगाच्या खालच्या बाजूला लावा. दोन्ही पंख एकाच वेळी कापल्यास सारखे होतात.

४. शेपटीचा उभा पंख आणि दोन आडवे पंख लावा.

५. अंगाच्या दोन्ही बाजूंना हवा आत जाण्याची अर्धगोल तोंडे बसवा. मागे दोन टोपणे शेजारी-शेजारी लावा. ती झाली नळकांडी.

६. वैमानिकाच्या जागेवर प्लॅस्टिकचा फुगीर तुकडा चिकटवा. पंखांखाली कागदाच्या सुरळीच्या दोन टाक्या लावा. पुढे एक व मागे दोन बटणे लावून चाके करा.

७. डिंक पूर्ण वाळल्यावरच रंग द्या.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रतिकृतीच्या बैठकीवर एक पाटी लावा. तिच्यावर लिहा : “मारुत. प्रमाण १ : ५०. खरे : अंगाचा व पंखांचा आकार. कल्पित : इंजिनाची नळकांडी, टाक्या, रंग.”

ही पाटी कशासाठी? प्रदर्शनात लहान मुले येतील. त्यांनी खरे मारुत पाहिलेले नसेल. तुमचे राखाडी विमान पाहून, ते असेच होते, अशी त्यांची समजूत होईल. कल्पना करणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. पण कल्पनेला खरे म्हणून दाखवणे हे खोटेच. शिवाय पाटी वाचणारा विचारेल, “मग हे इंजिन मिळाले का नाही?” तेव्हा त्याला बंगळूरची, इजिप्तची आणि सुरंजन दासांची हकिकत सांगा. जे विमान कधी उडालेच नाही, ते पाहता पाहता जे उडाले त्याची त्याला ओळख होईल.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली वस्तू, नमुना. छांदिष्ट – एखाद्या छंदात रमणारा. पथ्य – पाळायचा नियम. निमुळते – टोकाकडे बारीक होत जाणारे. कल्पित – मनाने रचलेले. बैठक – वस्तू ठेवण्याची पाटासारखी जागा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारुत पहिल्यांदा केव्हा उडाले?
(आ) १९५९ साली अभियंत्यांनी काय बनवले?
(इ) नाकात मातीचा गोळा का ठेवायचा?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक कोणता?
(आ) बैठकीवर पाटी का लावावी?

प्र. ३. उर्दूतील ‘अगर… तो’ म्हणजे मराठीतील ‘जर… तर’. वाक्ये पूर्ण करा.
(अ) जर पाऊस वेळेवर पडला असता, तर कापूस…
(आ) जर मी पहाटे उठलो असतो, तर…

प्र. ४. १ : १०० प्रमाण घेतल्यास मारुतच्या प्रतिकृतीची लांबी किती येईल?

उपक्रम : आपल्या शाळेची इमारत मोजा. १ : १०० प्रमाणाने तिची पुठ्ठ्याची प्रतिकृती बनवा. शाळेत नसलेली, पण तुम्हांला हवी असलेली एक खोली तिला जोडा आणि तिच्यावर ‘कल्पित’ असे लिहा.