जुन्या गाडीचे धक्के आणि त्यांचे निदान

कॅसलरॉकसारख्या गावी, जेथे पावसाळ्याचे चार महिने सह्याद्रीचा माथा ढगांतून बाहेर येत नाही आणि जांभ्या मातीतले रस्ते दर वर्षी नव्याने खचतात, तेथे चारचाकी गाडी ही चैनीची वस्तू उरत नाही. रुग्णाला रामनगरला, लोंढ्याला आणि प्रसंगी बेळगावला पोहोचवण्याचे ते हक्काचे साधन ठरते, कारण आगगाडीच्या वेळा दुखण्याला सोयीच्या असतीलच असे नाही. माझ्या पत्नीला कमरेच्या मणक्याचा विकार आहे आणि तिला तपासणीसाठी वरचेवर बेळगावला न्यावे लागते. धक्के देणारी गाडी म्हणजे काय, हे मला तिच्या चेहऱ्याकडे पाहून जितके कळले, तितके कोणत्याही यंत्रशास्त्राच्या पुस्तकावरून कळले नसते.

माझी सारी नोकरी रेल्वेच्या कॅरेज आणि वॅगन खात्यात झाली. गोव्याच्या पोर्तुगीज हद्दीतून घाट चढून येणारा लोहमार्ग 1888 साली कॅसलरॉकच्या ठाण्याशी येऊन ब्रिटिश मुलखाला मिळाला. पुढे जकात नाका गेला, हद्द गेली, मीटर गेजही गेला, परंतु घाटाचा उतार काही बदलला नाही. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढाव असल्यामुळे घाटाखालच्या कुळ्याकडे उतरणारी गाडी येथे थांबवून तिच्या ब्रेकांची कसून तपासणी करण्याचा दंडक आजही पाळला जातो. लांब दांड्याची हातोडी घेऊन वाघिणींच्या चाकांवर आणि स्प्रिंगांच्या पाट्यांवर ठोके देत जावे, अखंड लोखंड खणखणीत बोलते आणि तडा गेलेले अथवा सैल झालेले लोखंड बद्द वाजते, एवढी एक विद्या त्या नोकरीने मला दिली आणि निवृत्तीनंतरही ती माझ्या उपयोगी पडली.

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी महिंद्रा बोलेरो घेतली. 2000 साली बाजारात आलेली ही गाडी आमच्या भागातील खेड्यापाड्यांत सर्वत्र दिसते, आणि तिची रचना साधी असल्यामुळे तिच्यावरून सांगितलेले बहुतेक सर्व तिच्या जातीच्या इतर गाड्यांनाही लागू पडते: खाली स्वतंत्र चेसिस, तिच्यावर रबरी बैठकींवर ठेवलेली बॉडी, पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे. इंजिन निरोगी होते, पत्रा शाबूत होता. मात्र साध्या खड्ड्यावरही मागची बाजू अशी आदळे की आत बसलेल्याचा कणा हादरावा. एका शहरातील कार्यशाळेत गाडी दाखविली असता तेथील मंडळींनी गाडीखाली न वाकताच चारही शॉकअप निकामी झाल्याचा निर्वाळा दिला, नवे बसविले, भरभक्कम बिल हाती ठेवले, आणि गाडी पूर्वीपेक्षाही कठोर झाली.

असे का व्हावे, हे प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही. ते पेलतात पाटे आणि स्प्रिंगा. चाक खड्ड्यात गेल्यावर स्प्रिंग दबते आणि उसळते, ही उसळी वारंवार होऊ न देता तेलाच्या विरोधाने लवकर शमविणे, इतकेच शॉकअपचे काम आहे. म्हणून शॉकअप गेलेली गाडी झोके खाते, वळणावर कलते, उतारावर तिचे चाक क्षणभर रस्ता सोडते आणि त्या क्षणी ब्रेकही लागत नाही; गोव्याकडे उतरणाऱ्या अनमोडच्या घाटात ही गोष्ट जिवावर बेतू शकते. उलट, जी गाडी झोके न खाता नुसतीच आदळते, तिचा दोष बहुधा अन्यत्र असतो. गाडीचा एकेक कोपरा हातांनी जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्थिरावली आणि शॉकअपच्या नळकांड्यावर तेलाचा ओघळ नसला, तर ते बदलण्याची घाई करू नये.

पुढे बेळगावच्या एका वृद्ध फिटरने गाडी उंच घेतली आणि मी माझ्या सवयीप्रमाणे पाट्यांवर हातोडी ठोकली. आवाज बद्द आला. "साहेब, शॉकअपला कशाला दोष देताय? ह्यांनी माल वाहिलाय," असे म्हणून त्याने पाट्यांकडे बोट दाखविले. पूर्वीच्या मालकाने ओझे वाहण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला होता, आणि वर्षानुवर्षे चिखलपाणी खाऊन सारे पाटे गंजाने एकमेकांना चिकटून त्यांची जणू एकच जाड पहार झाली होती. पाटे एकमेकांवर सरकले तरच ते लवचिक. सरकणे थांबले की लहानसा दगडही थेट बॉडीला जाणवतो. अशा ताठरलेल्या पाट्यांना नव्या शॉकअपच्या विरोधाची भर पडल्यावर गाडी अधिक कठोर होणार, यात नवल नव्हते.

पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडून संच मोकळा केला, तेव्हा खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्याला नखभर खोल चर पाडलेला दिसला. अशा चरापाशीच पुढे तडा जातो, म्हणून तो पाटा बदलला. जादा पाटे काढून टाकले. उरलेले तारेच्या ब्रशने घासून, ग्राफाइटचे ग्रीस लावून, टोकांशी नवे पॅड घालून पुन्हा बांधले. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घातले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसाच ताण धरील याची शाश्वती नसते. पाटे चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे रबरी बुश तर हातात येताच चुरले.

येथे एक गोष्ट मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करणारी गॅरेजे पुष्कळ आहेत. रबरी बुशांचे बोल्ट, मग ते मागच्या शॅकलचे असोत वा पुढच्या लोअर आर्मचे, गाडी जॅकवर अधांतरी असताना अखेरचे आवळू नयेत. चाके लोंबत असताना बोल्ट पक्के केले, तर त्या स्थितीत रबर जखडले जाते. गाडी जमिनीवर येऊन वजन पडले की ते पिळले जाते, सदैव पिळलेलेच राहते, धक्का पचविण्याऐवजी परत फेकते आणि लवकरच फाटते. बोल्ट हातापुरते बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढेमागे थोडी हलवून बैठक घेऊ द्यावी आणि मगच पाना चालवावा. त्या वृद्ध फिटरने हे न सांगता केले, तेव्हाच त्याच्या हातावर माझा विश्वास बसला.

पुढच्या बाजूची परीक्षा सोपी आहे. चाक उचलून त्याला वर आणि खाली धरून हलवावे. हालचाल जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग संशयास्पद, डावीउजवीकडे जाणवली तर स्टिअरिंगचे सांधे. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून असलेले रबरी ठोकळे आणि बॉडीखालच्या रबरी बैठकी जुन्या गाडीत बहुधा झिजलेल्या असतात. त्यांची किंमत अल्प आणि उपकार मोठे. हे काम झाल्यावर अलाइनमेंट अवश्य करून घ्यावे.

टायरांविषयी थोडक्यात. दारापाशी छापलेल्या दाबापेक्षा अधिक हवा भरू नये, आणि टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावेत; 2319 असे असले तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असूनही रबर दगडासारखे झालेले टायर मी पाहिले आहेत.

तरुण मंडळी गाडी उंच करून कठीण स्प्रिंगा बसवितात, तेव्हा मला मनापासून चिंता वाटते. कुळ्याहून दूधसागरकडे प्रवाशांनी भरून, ओढे ओलांडत जाणाऱ्या जिपांना कठीण पाटे शोभतात, कारण त्या रोज भरलेल्याच धावतात. दोन माणसे घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या गाडीला ते शोभत नाहीत. गाडी मागून बसली आहे म्हणून पाटा वाढविण्याचा सल्ला मिळाला, तर आधी जुन्या पाट्यांची कमान उतरली आहे का, एखादा तुटला आहे का, हे पाहण्याचा आग्रह धरावा.

व्यवहारातही दक्षता हवी. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा, बिलावर भागाचे नाव स्वतंत्रपणे लिहवून घ्यावे, शॉकअप एकाच आसावरचे जोडीनेच बदलावेत. शॉकअपच्या खर्चाची तजवीज करण्यापूर्वी बुश, बोल्ट आणि पाटे उघडून पाहण्याची मजुरी द्यावी. ती तुलनेने किरकोळच असते. नव्या यू-बोल्टांवर काहीशे किलोमीटर धाव झाली की पाटे बसतात आणि बोल्ट ढिले पडतात, म्हणून ते पुन्हा आवळण्यासाठी गाडी त्याच फिटरकडे न्यावी; आणि आमच्या बाजूला राहणाऱ्यांनी पावसाळा सरल्यावर, पाट्यांच्या फटींत भरलेला तांबडा चिखल वाळून घट्ट होण्याआधी, पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा आणि पाटे वाळल्यावर ग्रीस पुन्हा द्यावे.