संकेतस्थळाची साक्ष : लहान सेवेस प्रसिद्धी कशी मिळावी?

माड हा गोव्याच्या ग्रामजीवनाचा आधार होय. परंतु माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली वेळेवर मिळणे आज अनेक गावांतून दुरापास्त झाले आहे. वाळलेले नारळ कौलांवर पडतात, शेंड्याची साफसफाई राहून जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर भाटकारासह शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवाला घोर लागतो. ही उणीव ओळखून नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘नारळ वृक्षाचे मित्र’ ही प्रशिक्षण योजना सुरू केली. साधनाच्या साहाय्याने माडावर चढण्याचे व झाडाची निगा राखण्याचे शिक्षण तीत तरुण-तरुणींना दिले जाऊ लागले.

प्रशिक्षणाने कौशल्य हाती येते. गिऱ्हाईक दारी येईलच असे नाही. समजा, फोंडा तालुक्यातील चार तरुणांनी असे शिक्षण घेऊन नारळ पाडण्याची सेवा सुरू केली आणि एक संकेतस्थळही उभारले. तीन महिने लोटले, तरी त्यावरून एकही काम आले नाही. दुसरीकडे दोन कोसांवरच्या गावात एखादी वृद्ध गृहिणी रोज पाडेलीची वाट पाहत आहे. दोघांची गाठ पडत नाही, याचे कारण ते संकेतस्थळ कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. ही अडचण कशी दूर करता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रतिदुवा म्हणजे काय?

एका संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटेस दुवा म्हणतात. दुसऱ्याने आपल्या स्थळाकडे दिलेला दुवा तो प्रतिदुवा, अर्थात बॅकलिंक. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली गणनपद्धती याच कल्पनेवर आधारलेली होती. ज्या विद्वानाच्या ग्रंथाचा इतर विद्वान वारंवार आधार घेतात त्याचे वजन वाढते. त्याचप्रमाणे ज्या पृष्ठाकडे इतर विश्वसनीय पृष्ठे बोट दाखवितात ते महत्त्वाचे, असे त्यांनी मानले. त्यातूनच गूगल हे शोधयंत्र उभे राहिले. आज शोधयंत्रे इतर अनेक गोष्टीही पाहतात. तथापि प्रतिदुव्याचे मोल संपलेले नाही.

मराठीत दुवा म्हणजे साखळीतील कडी आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. प्रतिदुव्यात हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. तो जोडतो आणि जोडताना शिफारसही करतो. गावात नवा वैद्य आला, तर त्याच्या पाटीपेक्षा शिक्षकाच्या वा सरपंचाच्या शब्दावर लोक अधिक विसंबतात. इंटरनेटवरही व्यवहार याहून फारसा निराळा नाही.

प्रथम स्वतःचे घर

दुसऱ्याने बोट दाखवावे असे काहीतरी आपल्यापाशी असले पाहिजे. संकेतस्थळावर सेवेचे नाव, दूरध्वनी क्रमांक, कोणत्या गावांत काम केले जाते, प्रत्येक माडामागे किती आकार पडतो आणि कामाच्या वेळा ही माहिती मराठीत, तसेच शक्य तर कोकणीत व इंग्रजीतही, स्पष्ट द्यावी. नाव व क्रमांक सर्वत्र एकाच प्रकारे लिहावेत; एके ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरे असे झाल्यास गिऱ्हाईक व शोधयंत्र दोघेही गोंधळतात.

त्यानंतर गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करावी. ही नोंद विनामूल्य आहे. गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन सेवा देणाऱ्यास घरचा पत्ता झाकून केवळ सेवेचा प्रदेश दर्शविता येतो. स्थानिक शोधात शोधाशी असलेली सुसंगती, अंतर व प्रसिद्धी या तीन गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. पैकी अंतर आपल्या हाती नाही. उरलेल्या दोन बाबतींत मात्र पुष्कळ काही करता येते.

याखेरीज लोकांच्या नित्य उपयोगी पडेल असे एखादे तरी पृष्ठ असावे. गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा यांचा उपद्रव कसा ओळखावा, पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या झावळ्या व नारळ का उतरवावेत, नारळ पाडताना खाली उभ्या असलेल्यांनी कोणती काळजी घ्यावी, ही माहिती छायाचित्रांसह दिल्यास शिक्षक, शेतकरी व वार्ताहर आपण होऊन तिचा हवाला देतील. निव्वळ जाहिरातीस दुवा देण्याचे कारण कोणासही नसते.

दुवे कोठे मागावेत?

ज्यांचा आपल्या कामाशी खरा संबंध आहे तेथेच प्रथम जावे. प्रशिक्षण देणारी संस्था, कृषी विज्ञान केंद्र, पंचायत, बागाईतदारांची सहकारी संस्था, अवजारांचे दुकानदार, गृहनिर्माण संस्था व शाळेचे निसर्गमंडळ ही अशी ठिकाणे होत. त्यांपैकी कोणाच्या संकेतस्थळावर सेवांची यादी आहे का, हे आधी पाहावे व मगच पत्र लिहावे. पत्र लहान असावे. उदाहरणार्थ : ‘आम्ही अमुक संस्थेत प्रशिक्षण घेतले असून तालुक्यातील अमुक गावांत नारळ पाडण्याचे काम करतो. माडावरील किडींविषयी सचित्र माहिती आमच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहे. आपल्या सभासदांस ती उपयुक्त वाटल्यास तिचा दुवा द्यावा, ही विनंती.’ उत्तर न आल्यास एकदा स्मरण द्यावे; वारंवार तगादा लावू नये.

वृत्तपत्रास पाठवावयाची वार्ता ही वार्ताच असावी. ‘आमची सेवा उत्तम आहे’ ही वार्ता नव्हे. ‘अमुक गावात रविवारी माडाच्या निगेचे प्रात्यक्षिक होणार’ ही वार्ता होय. कोण, काय, कोठे, केव्हा व कशासाठी हे पहिल्या परिच्छेदातच यावे. मजकूर एका पानाचा असावा आणि सोबत स्वच्छ छायाचित्र जोडावे. वृत्तपत्राच्या इंटरनेट आवृत्तीत संकेतस्थळाचा उल्लेख आला, तर एका वार्तेतून दोन कामे साधतात.

समाजमाध्यमांवरील दुव्यांवर बहुधा ‘यास मत मानू नये’ अशा अर्थाची सांकेतिक खूण असते. ही पद्धत २००५ साली सुरू झाली. त्या दुव्यांनी शोधयंत्रातील क्रम फारसा सुधारत नसला, तरी माणसे येतात, हेही थोडे नव्हे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हाती दिलेले कार्ड किंवा बिलावर छापलेले संकेतस्थळाचे नाव यांचीही गणना याच वर्गात करावी.

विकतच्या दुव्यांपासून सावध

‘थोडक्या पैशांत हजार प्रतिदुवे’ असे सांगणारे विक्रेते नव्या व्यावसायिकास हमखास गाठतात. असंबद्ध स्थळांवरून विकत घेतलेले असे दुवे म्हणजे भाड्याने आणलेले साक्षीदार. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीच्या स्थळाकडे असे दुवे पसरल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी २०११ मध्ये उजेडात आणले. हे आपल्या संमतीने झाले नाही, असे कंपनीने सांगितले. तरीही शोधयंत्राने तिचे स्थान पुष्कळ खाली नेले. पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने कृत्रिम दुव्यांना आळा घालणारी ‘पेंग्विन’ ही सुधारणा अमलात आणली. मध्यस्थाने केलेल्या कृत्याचा भुर्दंड मालकासच पडतो, हा यातील बोध होय. पैसे देऊन जाहिरात करण्यास हरकत नाही. मात्र तेथील दुव्यास ‘प्रायोजित’ अशी खूण असावी. तशी स्वतंत्र खूण २०१९ पासून उपलब्ध आहे.

हाच न्याय अभिप्रायांस लागू पडतो. काम पूर्ण झाल्यावर गिऱ्हाइकास प्रामाणिक अभिप्राय मागावा. सवलतीचे आमिष दाखवून किंवा नातलगांकरवी तो लिहवून घेऊ नये. भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी २०२२ साली ‘आयएस १९०००’ हे मानकही निश्चित केले आहे. प्रतिकूल अभिप्राय आल्यास वाद न घालता सौम्य उत्तर द्यावे व चूक असल्यास ती सुधारावी.

फलिताचे मोजमाप

कोणकोणत्या स्थळांनी दुवा दिला, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात पाहता येते. परंतु दुव्यांची संख्या हे साध्य नव्हे. दूरध्वनी करणाऱ्या प्रत्येकास ‘आमचे नाव कोठे कळले?’ एवढे विचारून वहीत नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी ती वही चाळली असता कोणत्या दाराने माणसे येतात, हे स्पष्ट होईल आणि पुढील श्रम त्या दिशेने करता येतील.

पंचायतींनी व शाळांनीही आपल्या संकेतस्थळांवर गावातील उपयुक्त सेवांची पारखून केलेली यादी ठेवावी. तिला खर्च नाममात्र येतो. पण तीमुळे एखाद्या तरुणास आपल्याच तालुक्यात रोजगार मिळू शकेल, आणि एखाद्या वृद्धेच्या घराशेजारचा माड पावसापूर्वी वेळेवर उतरविला जाईल.